गादीखालची चकती

माणसांवर विश्वास ठेवणं मला जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, "तुम्ही आरशातल्या माणसालाही ओळखपत्र विचाराल." विचारीन. पण चिमटेबाईंबद्दल सांगायचं तर सुरुवात या स्वभावापासूनच करायला हवी, कारण त्यांची नोकरी या स्वभावानंच खाल्ली.

आमचं दुकान हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायरचं. रस्त्यानं कानात खुपसून फिरतात ते नव्हेत, घरी निवांत बसून गाणं ऐकणाऱ्यांचे. मोठाले, कानांवर बसणाऱ्या लाकडी वाट्यांचे, मऊ गाद्यांचे. दुकान भाच्याचं, पण ऐकायच्या खोलीतली उंच पाठीची खुर्ची माझी. तिच्यात बसून मी जोड्या लावायचो. हेडफोन वाजवायला जड असला तर त्याला दणकट अ‍ॅम्प लागतो, नाहीतर गाणं उपाशी माणसासारखं येतं. हलक्या हेडफोनला दणकट अ‍ॅम्प दिलात तर गाण्यामागं सतत सूंऽऽ ऐकू येतं. एखादा हेडफोन मुळातच फटकळ असतो, त्याच्या गळ्यात मवाळ अ‍ॅम्प बांधायचा. लग्नाच्या गाठी म्हणे वर बांधतात. या गाठी सव्वीस वर्षं मी बांधल्या, आणि घटस्फोट जवळजवळ नाहीच.

भाच्याला मध्यंतरी आवाज मोजायचं यंत्र आणायची हुक्की आली होती. मी नाक मुरडल्यावर हसत म्हणाला, "मामा, तुमचे कान शाबूत आहेत तोवर खुर्ची तुमची. मग बघू." हसत बोललेलं मी कधीच विसरत नाही.

चिमटेबाई मागच्या खोलीत दुरुस्तीला होत्या. अंबाड्यात पेन्सिल खोचावी तसा दुरुस्तीचा चिमटा खोचलेला, म्हणून हे नाव. नाव मीच ठेवलं. चाळिशीच्या, बोलणं मोजकं. घरी आजारी सासू, त्यामुळं सहाच्या ठोक्याला पिशवी उचलायच्या. मी लावलेली प्रत्येक जोडी खोक्यात जाण्याआधी वायरी, पिना तपासायला त्यांच्याकडं जायची. त्यांच्या खोलीतून ऐकायची खोली काचेतून दिसायची. कधीही मान वर केली की बाई आमच्याकडं बघत असायच्या. माझ्याकडं नव्हे, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं. आता मला सांगा, पिना तपासणाऱ्या बाईला गिऱ्हाइकाच्या तोंडाशी काय काम? कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला तेव्हापासूनच वाटायचं.

मग एक दिवस एक दातांची डॉक्टरीणबाई आली. वर्षापूर्वी जोडी नेली होती, खूश होती. म्हणाली, "गाद्या धुवायला काढल्या तर आत हे निघालं. हे कंपनीचं असतं का?" आणि तिनं माझ्या तळहातावर करड्या फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, दोन पातळ चकत्या ठेवल्या. कडा किंचित वाकड्या. कात्रीनं, हातानं कापलेल्या.

माझं रक्त उसळलं. माझ्या जोडीत कुणीतरी हात घातला होता! गाण्याच्या तोंडावर पदर धरावा तशा त्या चकत्या गादीखाली दडवल्या होत्या. मी तिथल्या तिथं चकत्या जप्त केल्या, गाद्या नीट बसवून दिल्या आणि म्हणालो, "आता ऐका खरं गाणं." ती गेली.

त्यानंतर मी पाळतच ठेवली. जोडी मागं पाठवताना गादी आणि वाटी यांच्यावरून पेन्सिलीची बारीक रेघ ओढायचो. गादी कुणी फिरवून काढली, तर परत बसवताना रेघ जुळणार नाही. पाच जोड्या पाठवल्या. चार जोड्यांची रेघ तुटलेली. पाचवी जुळत होती, तर मला वाटलं, बाईंनी रेघ ओळखून मुद्दाम जुळवली असेल. एवढा माझा संशय पक्का.

पण बाई हे करायच्या कशासाठी? कंपनीच्या गाद्या चोरून हलक्या घालत असतील? नाही, गाद्या त्याच होत्या. मग डोक्यात उजेड पडला. भाच्यानंच पेरलीय हिला! जोड्या बिघडवायच्या, तक्रारी आणायच्या, म्हाताऱ्याला खुर्चीवरून उठवायचं आणि यंत्र बसवायचं. कानामागून आली आणि तिखट झाली! तक्रार एकही आली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

एका दुपारी दबक्या पावलांनी मागच्या खोलीत शिरलो. बाई नखं कापायच्या वाकड्या कात्रीनं फेल्ट कापत होत्या. समोर सकाळी मी लावलेली जोडी, गाद्या काढलेल्या. मी भाच्याला हाक मारली. तो पेरणारा असेल तर त्याचाही चेहरा बघायचा होता मला.

"हे काय आहे, बाई?" मी ओरडलो.

"वरच्या सुरांचा आवाज जरा जास्त होता, म्हणून थोडा दाबला."

"जास्त? कुणाला जास्त?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग भाच्याकडं. मग कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "मला. मला जास्त वाटला."

"तुम्हाला वाटला! जोड्या कोण लावतं इथं?"

भाचा गोंधळला होता. पण दुकान माझ्या कानांवर चाललंय, असं तोच दहा जणांना सांगत आलेला. न विचारता माल बदलते म्हटल्यावर त्याचाही नाइलाज झाला. बाईंनी चिमटा अंबाड्यातून काढून पिशवीत टाकला आणि चार वाजताच निघाल्या. मी म्हणालो, "बघितलंस? जाताना एक शब्द नाही बोलली. चोराच्या मनात चांदणं." त्या दिवशी मला फार छान झोप लागली.

महिना काही नीट गेला नाही. पहिली परत आली डॉक्टरीणबाई. "काका, तुम्ही ते काढलंत तेव्हापासून टोचतंय हो. दिवसभर मी ड्रिलचा आवाज ऐकते, आता घरी गाण्यातही ड्रिलच." मी म्हणालो, सवय होईल. मग एक वकील आला, "तासभर ऐकलं की डोकं उठतं." तिसऱ्यानं अ‍ॅम्पच आणून आपटला, "यातून बारीक शिट्टी येते." मी अ‍ॅम्पला कान लावला. शांत. सगळी मिळून मला वेड्यात काढतायत की काय?

हे कुणाचं काम, मला बरोबर ठाऊक होतं. दुरुस्तीच्या वहीत गिऱ्हाइकांचे फोन नंबर असतात, आणि वही बाईंच्या हाताखालची. मी वकिलाला फोन लावला. "खरं सांगा, तुम्हाला एखाद्या बाईचा फोन आला होता का?"

"कुठल्या बाईचा?" वकील दबक्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिथं वेगळंच काहीतरी शिजत होतं. मी फोन ठेवून दिला.

शिट्टीवाला अ‍ॅम्प मी रविवारी घरी नेला. म्हटलं, शांततेत तपासू. टेबलावर ठेवून चालू केला. पलीकडं बायको कपड्यांना इस्त्री करत होती. ती म्हणाली, "अहो, ते शिट्टी मारतंय, बंद करा ना."

मी ताडकन उठलो. "तुला ती भेटली होती का?"

"कोण ती?" बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली. "कोण ती, म्हणते मी?"

आता आली का पंचाईत! सगळी हकिगत सांगावी लागली. ऐकून घेतल्यावर बायको म्हणाली, "मला कुणी पढवलं नाही. खोटं वाटत असेल तर घ्या परीक्षा." मी घेतली. तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं, बटणावर जाड रुमाल धरला, म्हणजे टिक ऐकू जायला नको. चालू, बंद, बंद, चालू. दहा वेळा. दहाच्या दहा बरोबर. तरी मी म्हणालो, "खिडकीच्या काचेत दिसत असेल तुला." तिनं पडदा ओढला. परत दहापैकी दहा.

"आता तुम्ही बसा," ती म्हणाली.

मी भिंतीकडं तोंड करून बसलो. कान टवकारले, डोळे मिटले. "चालू," म्हणालो. "बंद. चालू. आता नक्की चालू."

किती बरोबर आले ते विचारायला वळलो. अ‍ॅम्पची वायर तिच्या हातात होती. तिनं ती आधीच भिंतीतून काढून घेतली होती.

बायको हळू आवाजात म्हणाली, "वय झालंय हो. होतं असं." मी तिच्यावर खेकसलो, पण ते खरंच होतं. वरचे सूर माझ्या कानातून गेले होते. कधी गेले, मला पत्ताच नाही. गाणं मला बोथट वाटायचं, म्हणून मी कडक हेडफोनला कडक अ‍ॅम्प जोडत गेलो आणि लोकांच्या कानात सुया खुपसत राहिलो. आणि ती बाई मागं बसून एकेका सुईच्या टोकाला फेल्ट लावत होती. लाज वाटली मला. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चार दिवस विचारत फिरलो तेव्हा बाई सापडल्या. मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायच्या एका बोळकांडीत, उघड्या मिक्सरवर वाकलेल्या. मला बघून उठल्या नाहीत.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. एक गृहस्थ आले होते. तुम्ही डोळे मिटून मान डोलवत होतात आणि त्यांनी दात आवळले होते. मग मी सगळ्यांचीच तोंडं बघायला लागले."

"मला सांगायचं होतं."

"ऐकलं असतंत?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मालकांना सांगितलं असतं तर यंत्र आलं असतं," त्या म्हणाल्या. "मी पहिल्यांदा आले तेव्हा मालक नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, हिचा हात थरथरत नाही, ठेवून घे. तेवढ्यावर राहिले मी."

शपथेवर सांगतो, मला हे आठवतच नव्हतं. मी कुणाच्या बाजूनं असं बोललो असेन, यावर माझाच विश्वास बसेना.

बाईंनी मिक्सरचं झाकण लावलं, स्क्रू पिळला. "दोन वर्षं मी तुमची खुर्ची धरून ठेवली, काका. माझी तुम्ही दहा मिनिटांत ओढलीत."

"चुकलो मी," एवढंच मला म्हणता आलं. त्यांनी पुढचा मिक्सर ओढून घेतला.

तसाच दुकानात गेलो आणि भाच्याला सगळं सांगितलं. म्हटलं, आता खुर्ची गेलीच, आपल्या तोंडानं तरी जाऊ दे. पण भाचा उठला आणि त्यानं आधी दार लावून घेतलं. "मामा, हे या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. लोक तुमच्या नावावर येतात. बाईंना मी परत आणतो, पगार वाढवून देतो. त्या मागं बसून काय दाबायचं ते दाबतील. तुम्ही पुढं बसा आणि डोळे मिटा."

खोटं कशाला सांगू? मला ते आवडलं. खुर्ची राहिली, अब्रू राहिली, बाईंची नोकरीही राहिली. सोमवारी बाई आल्या. चिमटा अंबाड्यात खोचला आणि मागच्या खोलीत जाऊन बसल्या.

अकराच्या सुमाराला एक माणूस आला. ग्रंथालयात नोकरी करणारा, पन्नाशीचा, सदऱ्याच्या कॉलरला घडी पडलेली. कितीतरी वर्षं मनात ठेवून अखेर हेडफोन घ्यायला आलेला. मी जोडी लावून दिली. त्या दिवशी मी डोळे मिटले नाहीत. गाणं सुरू झालं, वरचा सूर आला असावा, कारण त्याची एक पापणी फडफडली आणि खांदे वर चढले. मला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तो मात्र हेडफोन काढून हसला.

"मला यातलं काही कळत नाही, काका," तो म्हणाला. "मला जरा टोचल्यासारखं वाटलं, पण माझ्याच कानांना सवय नसेल. तुम्ही हो म्हणा, मी नेतो. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

मी आयुष्यभर कुणावर ठेवला नाही, तो त्यानं दहा मिनिटांच्या ओळखीवर माझ्या हातात ठेवला. आणि मी त्याला फसवायला बसलो होतो. मला तिथं बसवेना.

"नेऊ नका," मी म्हणालो. "तुमचे कान बरोबर आहेत. माझे गेलेत. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत."

भाचा काउंटरमागून "मामा! अहो मामा, काहीतरीच काय!" करत धावला. मी खुर्चीतून उठून काचेवर टकटक केलं. बाई आल्या आणि दारातच थांबल्या.

"बसा," मी खुर्चीकडं हात केला. "जोडी तुम्ही लावा."

बाईंनी खुर्चीकडं बघितलं, भाच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "यात कसला डाव आहे आता, काका?"

"काही नाही, बाई. खरंच काही नाही. बसा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

त्या बसल्या, पण पाठ टेकवली नाही.