समीक्षक उठला की नाटक पडलं

सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्यात नाट्यसमीक्षक एकच. जन्म कापडाच्या लूमवर गेला, लग्नाच्या फंदात पडला नाही, केस मानेवर रुळणारे. चहाच्या टपरीवर त्याच्याभोवती आमची बैठक: एक न्हावी, एक रिक्षावाला आणि कापड मार्केटात बिलं फाडणारा मी. समीक्षेची त्याने कधी ओळही लिहिली नाही. गणपतीत मंडळाचं नाटक असलं की पहिल्या रांगेत बसायचा आणि कंटाळला की उठायचा. तो उठला की नाटक पडलं. मागोमाग अख्खा मांडव घरी. शेवटपर्यंत तो आजवर बसलाच नव्हता.

यंदा नाटक माझं होतं. बायकोला म्हटलं, हे पडलं तर लेखणी तापीत सोडेन. ती म्हणाली, "आजच सोडी द्या."

पहिल्याच अंकात बापलेकाचं कडाक्याचं भांडण. त्या आरडाओरड्यात समीक्षक चक्क घोरू लागला. न्हावी धावत विंगेत माझ्याकडे आला. "झोपेल शे तवलोंग उठाव नही! हळू बोला रे!"

झोपलेला आहे तोवर तो उठणार नाही, हे मला पटलं, इथेच अक्कल गहाण पडली. नट आधी कुजबुजले, मग नुसते ओठ हलवू लागले. पण जन्मभर लूमच्या खडखडाटात डुलक्या काढलेला माणूस शांततेत झोपणार कसा? लूम बंद पडल्यासारखा तो दचकला आणि उभा राहिला. मागे सगळा मांडव उभा.

त्याने खुर्ची उचलली, स्टेजला नेऊन टेकवली आणि बसला. लोकही चटया ओढत पुढे सरकले. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, खडखडाटापुढे कानाचा उपयोग नसतो. ही सगळी मंडळी ओठ बघूनच बोलणारी. बाप मुक्यानेच लेकाला घराबाहेर काढत होता आणि बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. मी बायकोशेजारी जाऊन बसलो. तीही लूमवर राबलेली. मला एक शब्द कळेना.

"आते काय बोलना तो?"

"गप बसा, देखू द्या."

समीक्षक शेवटपर्यंत बसला. पडदा पडला तेव्हा सगळ्यांत आधी त्यानेच टाळी वाजवली, आणि मला रडू फुटलं. डोळे पुसत बायकोला विचारलं, "मी लिखेल शे, शेवटले पोऱ्या 'घर परत येस' म्हनस. ते तरी बोलना ना?"

"नही," ती म्हणाली. "तो येसच नही. तेच ते भारी शे."