प्रथिनाचं उद्घाटन

माझे वडील एटापल्लीकडे वनरक्षक होते. मलेरिया मेंदूत चढला आणि तीन दिवसांत ते गेले. हा मेला मलेरिया मेंदूत जाऊन अडकतो तरी कशाला, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडेना. पुढे ब्रह्मपुरीकडच्या एका लहान कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा उत्तराचा एक तुकडा वाचनात आला. आपल्या रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं, आणि जंतू शिरलेल्या रक्तपेशी त्याला चिकटून बसतात. आमच्या भागातल्या रुग्णांच्या रक्तपेशीही तशाच चिकटतात का, हे मला पीएचडीसाठी बघायचं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी मोठ्या मिनतवारीनं त्या प्रथिनाची एक बाटली मिळवून दिली. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं प्रथिन. बाटली करंगळीएवढी, आणि आतलं सुकवलेलं प्रथिन इतकं कमी की डोळ्यांना दिसतच नाही. "दुसरी मिळायची नाही. गारठ्यात ठेव," बाईंनी बजावलं.

कॉलेजच्या फ्रिजमध्ये प्राचार्यांचं ताक असायचं आणि अर्धा दिवस वीज नसायची. म्हणून बाटली मी बाजारातल्या मासोळीवाल्या बाईंकडे ठेवायला दिली. बर्फात मीठ घालून पेटी गार राखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली.

"याच्यात तं मले काईच नाई दिसत, म्याडम."

"आहे, बाई."

"तुमी म्हनता तं असन," म्हणून त्यांनी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून मरळ माशांखाली सरकवली.

प्राचार्यांना खबर लागलीच. मानवी प्रथिन आपल्या कॉलेजात! ते हरखून गेले आणि त्यांनी उद्घाटन ठरवलं. आमच्याकडे हातपंपाचंसुद्धा उद्घाटन होतं, तेव्हा नवल नाही. ऐन एप्रिलात, भर दुपारी, पत्र्याच्या मंडपात संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते बाटलीचं झाकण निघणार होतं.

"सर, उन्हात ते नासेल," मी म्हटलं.

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, मॅडम."

अध्यक्षांची दहा मिनिटं मला ठाऊक होती. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून तशीच एक रिकामी बाटली आणली, खऱ्या बाटलीवरचं लेबल भिजवून काढलं आणि या रिकामीवर डकवलं. दोन्ही सारख्याच रिकाम्या दिसत होत्या.

अध्यक्ष तीन तास उशिरा आले. बाटलीला हळदकुंकू वाहिलं. हार तिच्या दसपट मोठा होता, तो ताटाबाहेर लोंबत राहिला. अध्यक्षांनी झाकण काढलं, हुंगलं आणि "वा!" म्हणाले. या प्रथिनानं आता आमची बालकं धष्टपुष्ट होतील, असं त्यांनी भाषणात सांगून टाकलं. नंतर प्राचार्यांनी ती बाटली आपल्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात, क्रिकेटच्या ढालीशेजारी, कुलूपबंद केली.

त्याच आठवड्यात मी खरी बाटली मासोळीवाल्या बाईंच्या पेटीतून काढली. तबकडीच्या तळाशी प्रथिनाचा थर बसवला. रुग्णाचं रक्त घेऊन, आतला प्राणवायू कमी व्हावा म्हणून जळती मेणबत्ती ठेवून बंद केलेल्या बरणीत त्यातले जंतू वाढवले होते. त्या रक्तपेशी तबकडीवर सोडल्या आणि हलक्या हातानं धुतल्या. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर त्या जागच्या हलल्या नव्हत्या, घट्ट चिकटून होत्या. वडिलांच्या मेंदूतही अशाच पेशी चिकटून बसल्या असणार. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

अहवाल विद्यापीठाकडे जायला प्राचार्यांची सही हवी होती. त्यांनी तो न उघडता कपाटाकडे बोट केलं.

"प्रथिन तर इथं आहे. मग प्रयोग कशावर केला?"

मी सगळं कबूल केलं. कपाटातली बाटली रिकामी आहे, हवं तर बघा, म्हटलं. त्यांनी कुलूप उघडलं, बाटली खिडकीशी नेली, चष्मा पुसून पुन्हा लावला. आता यांना खरं काय ते दिसेल, असं मला वाटलं.

"काऊन मजाक करून राह्यल्या, मॅडम?" ते म्हणाले. "रिकामी कुठी आहे? तळाशी चांगलं दिसून राह्यलं मले."

आणि अहवाल त्यांनी सही न करताच माझ्या हातात परत दिला.