हवेची उशी

दादाने नव्या बाळाची खुर्ची गाडीच्या पुढच्या सीटवर पाठमोरी बांधली. "बापाच्या नजरेसमोर राहील," आई म्हणाली. समोर एअरबॅग आहे, म्हणजे हवेची उशी, असं दादाने तिला समजावलं. "उशी? मग काय, बाळ आपटलं तरी मऊच!" आई हसली.

ऊन अडवायच्या झडपेवर एक चित्र होतं. पाठमोऱ्या खुर्चीतलं बाळ, समोर फुगलेली बॅग आणि वर लाल फुली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण मोठ्यांच्या हसण्यात बोलायला जीभ रेटत नाही.

तरी मी म्हणालो, "दादा, धडक बसली की ती बॅग पापणी लवायच्या आत फुगते. थेट खुर्चीच्या पाठीवर आदळते. बाळाचं डोकं तिथंच आहे."

आईचा हात बाळाच्या टाळूवर गेला. दादाने पट्टा सोडला आणि खुर्ची मागच्या सीटवर नेली.

आता पुढे मी बसतो. उशी म्हटलं की आपल्याला झोपच आठवते. मऊ नावामागे काय दडलंय, हे कोण विचारतं? समोरचं प्लास्टिक गुळगुळीत, शांत दिसतं. मागे बाळ गाढ झोपलेलं असतं, आणि माझ्यासमोर ती उशी घडी घालून जागी असते.