बाणाचे पंख

आमच्या घरात सगळ्यात जास्त जपलं गेलं ते एक क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य. हे मी रागानं लिहिते आहे आणि ते खरंही आहे. पावसाळ्यात आईच्या पांघरुणाला कुबट वास यायचा, पण क्रॉसबोवर घालायचं फडकं मात्र चुलीच्या उबेवर वाळवलेलं असायचं. ते वाळवायची आईच.

बाबा पोफळीच्या वीजघरात फिटर होते. निवृत्त झाल्यावर कॉलनीतली खोली सोडून दोघं खेडजवळच्या आमच्या गावी राहायला आली. मी तोवर रत्नागिरीला नोकरीला लागले होते. घरामागच्या उतारावर आमच्या भाताच्या चार चोंढ्या, म्हणजे खाचरं, आहेत आणि त्यांच्या वर रान. पहिल्याच वर्षी भात पोटरीला आलं आणि डुकरांनी एका रात्रीत लोळून सगळ्याचा चिखल केला. गावातल्या इतरांनी डबे वाजवले, फटाके लावले, शिव्या घातल्या आणि पुढच्या कामाला लागले. बाबांना ते जमलं नाही. आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाला वाटलं, डुकरांवरही यंत्रच काढावं.

मग भंगारातून जीपच्या स्प्रिंगचा पोलादी पाटा आला. तो त्यांनी घासून घासून दोन्ही टोकांना सारखा पातळ केला, म्हणजे धनुष्याचे दोन्ही हात सारखे वाकावेत. फणसाच्या लाकडाचा दस्ता केला, चाप स्वतः कानशीनं घासून बसवला. दोरी हर्णैहून आणली, मच्छीमारांकडची, नायलॉनची. गावातली माणसं पडवीत येऊन बसायची आणि बाबा त्यांना समजावून सांगायचे. डुक्कर मारणं कायद्यात बसत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कुणी तो विषय काढलाच तर म्हणायचे, "मारायचा कुनाला हाय? भ्या दाखवायचा नुस्ता." भीती दाखवायला इतका अचूक नेम कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही. मी एकदा विचारलं, तर तुला त्यातलं काय कळतं म्हणाले.

खरंच कळत नव्हतं, पण सुट्टीला गेले की दुसरं काही कानावरच पडायचं नाही, त्यामुळे हळूहळू कळायला लागलं. दोरी ताणताना ती बरोबर मध्यावर धरली गेली नाही तर बाण एका बाजूला जातो. म्हणून त्यांनी दोरीवर दस्त्याच्या दोन्ही कडांशी लाल दोऱ्याच्या खुणा बांधल्या होत्या. खुणा दोन्हीकडे सारख्या दिसल्याशिवाय ते बाण ठेवतच नसत. दर थोड्या वेळानं दोरीला मेण चोळायचं. दस्त्यातली बाणाची खाच खोबरेल लावलेल्या चिंधीनं पुसायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही, हे तर मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

बाणांची निवड हा त्याहून मोठा सोहळा. ते चिव्याचे असायचे. चिवा म्हणजे आमच्याकडचा बारीक, जवळजवळ भरीव बांबू. काठ्या महिनोन्‌महिने चुलीवरच्या माळ्यावर वाळत पडायच्या. मग एकेक काठी निखाऱ्यावर शेकून, गुडघ्यावर दाबून सरळ करायची. आरशाच्या काचेवर ती लोळवायची, जरा जरी थडथडली तरी बाजूला. नखानं टिचकी मारून कानाशी धरायची. आतून चीर गेलेली असेल तर आवाज फुटका येतो, म्हणायचे. सोनाराकडचा जुना काटा पैदा केला होता, त्यावर सगळे बाण एका वजनाचे होईपर्यंत पॉलिश पेपरनं घासत बसायचे. टोकाकडे वजन थोडं जास्त हवं, फार नको. नेम धरून चार बाण एका जागी बसले आणि पाचवा बाहेर गेला, तर दोष हाताचा नाही, त्या पाचव्याचा. त्याला वेगळा काढायचा, पंख तपासायचे आणि पुन्हा मारून बघायचं.

परसात फणसाला टेकवून पेंढ्यानं भरलेलं पोतं उभं केलेलं होतं. बाबा ठरल्या जागी उभे राहायचे. पाय हलला की नेम बदलतो, म्हणून ते जागा सोडत नसत. पोत्यातले बाण उपटून आणून द्यायची ती आई. पाच बाण सुटले की ती जायची, एका हातानं पोतं दाबून दुसऱ्या हातानं बाण ओढायची, पदरानं पुसायची आणि चढावर परत यायची. तिला तेव्हा खोकला होता. मी पडवीत बसून भाजी निवडत होते आणि मी हे कानांनी ऐकलंय. बाबांनी दस्ता गालाशी लावला होता, आईला मागे ढास लागली, तर डोळा न काढता म्हणाले, "जरा थांब गो. नेम हलतो."

ती थांबली. तोंडात पदर कोंबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबली. मला इतकी चीड आली की मी भाजीची परात आपटली. आईनंच मला डोळ्यांनी दटावलं.

सगळं जुळलं, पण पंखांवर बाबा अडले. कोंबडीची पिसं उन्हाळ्यात छान चालायची. पण डुकरं यायची भात पिकताना, त्या दिवसांत पावसाच्या सरी आणि दव, की पिसं भिजून लोळागोळा. प्लास्टिकच्या फाइलचे पंख कापले, ते उन्हानं मुडपले. रंगाच्या डब्याचा पत्रा कापला तर तो जड झाला. कित्येक दिवस माणूस चिडचिडा झाला होता. मग एकदा मी गेले तर नवे पंख तयार. पातळ, ताठ, पाण्याला दाद न देणारे आणि गवतात बाण सापडावा म्हणून वरून केशरी ऑइलपेंट मारलेले. बाण पोत्यात एकमेकांना खेटून बसत होते. बाबा हसत होते. कशाचे केलेत म्हणून मी विचारलंही नाही. त्या घरात एकदाचं कुणीतरी हसतंय, एवढंच मला पुरेसं वाटलं.

आईचा खोकला मात्र गेला नव्हता. त्या गणपतीत मी तिला जबरदस्तीनं रत्नागिरीला आणलं, बाबाही बरोबर आले. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला. उजव्या फुप्फुसात खाली एक पांढरा डाग होता. आईला लग्नाआधी टीबी होऊन गेला होता, ते तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हा त्याचा जुना व्रण असू शकतो. जुना असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. नवा असेल तर मात्र एक दिवसही घालवू नका, थेट मुंबई गाठा. आधी कधी एक्स-रे काढला होता का?"

काढला होता. दोन वर्षांपूर्वी खेडला, ह्याच खोकल्यासाठी. मला आनंदच झाला. सगळा प्रश्न त्या एका फिल्मवर सुटणार होता. मी म्हटलं, "उद्याच आणून देते, डॉक्टर."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "ती भिजली वो पावसात," आई म्हणाली. "कौलं गळत होती. टाकून दिली."

"जुनाच डाग असनार, डॉक्टर," बाबा म्हणाले. "टीबीचाच तो. दुसरा काय असनार?"

डॉक्टरांनी तरीही स्कॅन करायला सांगितलं. मी खेडला जाऊन ज्या ठिकाणी पहिला एक्स-रे काढला होता तिथे चौकशी केली. त्यांनी मशीन बदललं होतं, जुनं काही ठेवलं नव्हतं. घरी येऊन मी आईला स्कॅनसाठी चल म्हणून विनवलं. ती म्हणाली भात कापणीला आलंय. बाबा म्हणाले, "जुना हाय म्हनून सांगितला ना! उगाच सुया टोचून घ्यायला कशाला न्हेतंस तिला?" ते इतक्या ठामपणे म्हणाले की आईनं मान डोलावली. मी भांडले. रडले. दोघांपुढे हात टेकून रत्नागिरीला परतले.

भात झोडून कणगीत पडलं तेव्हा आईच्या थुंकीत रक्त आलं. मग मुंबई, मग सगळ्या तपासण्या. उजवीकडचा तो खालचा डाग नवा होता आणि तोवर तो एका जागी राहिला नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फार सौम्यपणे सांगितलं की आधी आणायला हवं होतं. शिमग्याच्या आधी आई गेली.

ह्या सगळ्या वर्षांत त्या क्रॉसबोनं एकही डुक्कर मारलं नाही, मारायचं राहो, घाबरवलंसुद्धा नाही. डुकरं यायची तेव्हा अंधार असायचा, पाऊस असायचा, बाबांना दिसायचं नाही. सकाळी लोळलेलं भात बघून ते घरात यायचे आणि दोरीला मेण लावायला बसायचे.

आईचं सगळं कार्य उरकल्यावर मी पडवी आवरायला घेतली. दाराआड खुंटीला बाणांचा भाता लटकत होता. चुलीत घालायच्या इराद्यानंच मी तो काढला. एका बाणाचा रंग सोलवटला होता. खालून काळपट निळं काहीतरी दिसत होतं. मी नखानं अजून थोडा रंग खरवडला आणि बाण दारातल्या उजेडात धरला. पंखावर एक फिकट, वाकडी पट्टी आडवी गेली होती. बरगडी ओळखायला मला वेळ लागला नाही. गेले काही महिने मी दुसरं बघितलंच काय होतं?

बाबा पायरीवर बसले होते. मी तो बाण त्यांच्या पुढ्यात धरला. माझा आवाज इतका शांत होता की माझी मलाच भीती वाटली.

"ही खेडची फिल्म?"

त्यांनी बाण हातात घेतला. सवयीनं एक डोळा मिटून आधी तो सरळ आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, "मी मागितली. तिनंच काढून दिली ट्रंकेतनं. पडूनच होती."

"आणि डॉक्टरांकडे?"

"तीच म्हनाली वाटेत, सांगू नका, पोर चिडंल."

म्हणजे मरणाच्या दारातही आईला सांभाळायचं होतं ते ह्यांना, माझ्या रागापासून. मी तोंडाला येईल ते बोलले. फिल्म एवढी होती, तिचे एवढे तुकडे करताना एकदाही मनात आलं नाही का की हे आपल्या बायकोच्या छातीचं चित्र आहे? काय बघून कात्री चालवलीत?

त्यांना तो त्यांच्या कामावर घेतलेला संशय वाटला. त्या माणसाला आयुष्यात दुसरा संशय कधी कळलाच नाही. ते ताठ बसले.

"बघून नाय तर काय? खिडकीला लावून सगळी बघितली मी," ते म्हणाले. "डाग असला की तिथं रंग धरत नाय. वर खांद्याकडं थोडा खराब होता, तो टाकला. पंख सगळे उजवीकडच्या खालच्या भागातनं काढलेत. एकदम स्वच्छ होता तो. एक ठिपका नव्हता त्यात."