सरूच्या पावलाची वीट

गडब गावच्या सखाने चाळीस वर्षं लोकांच्या घरांसाठी विटा थापल्या आणि स्वतः कुडाच्या घरात म्हातारा झाला. भट्टी बंद पडली तेव्हा शेठने मोठा उपकार केल्यासारखं सांगितलं, "उरल्यासुरल्या घेऊन जा." त्या वाकड्यातिकड्या विटांतून मागच्या दारापासून विहिरीपर्यंत वाट करायची आणि दाराशी दोघांना टेकायला छोटासा चौक, असं सखाने ठरवलं. बायको मैना हसली. "आता सुचलं व्हय? गुडघे गेल्यावर?"

चौकात छपराखाली, दाराला लागून कोणती वीट बसायची, हे मात्र दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

ती माळ्यावर फडक्यात गुंडाळलेली होती. त्यांची सरू चार वर्षांची असताना भट्टीवर वाळत घातलेल्या ओल्या विटांवरून धावली होती. शेठ खेकसला, म्हणून सखाने पोरीला धपाटा घातला आणि बिघडलेल्या विटा मोडून पुन्हा चिखलात टाकल्या. कोपऱ्यातली एक तेवढी राहिली. आठ दिवसांत सरू तापाने गेली. पेणला दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंतही टिकली नाही. तिचा फोटो कोण काढणार होतं? उरलं ते विटेवरचं पाऊल. भट्टीत तडकेल या भीतीने सखाने ती वीट भाजलीच नाही, उन्हात वाळवून घरी आणली. मैनेचा जीव टांगणीला नको, म्हणून सांगितलं, पक्की भाजलीय.

वाट झाली, चौक दारापर्यंत आला. सखा ओढ्यावर वाळू आणायला गेला. रचण्याआधी वीट पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची, हे मैनेच्याही अंगवळणी पडलेलं. तो परतला तेव्हा ती पिंपाशी उभी होती.

"सरूची भिजत घातलीय. पाऊल आत येतंय असं बसवा, गौरीचं काढतात तसं."

सखाने घमेलं टाकलं आणि पिंपात खांद्यापर्यंत हात घातला. हाताला नुसता गाळ लागला.

"अवो, असं कसं झालं? भाजलेली हाय ना?"

"नाय गो," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

मैना ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पिंपात वाकून हाताने गाळ चाचपत राहिली. त्या चिखलाची दुसरी वीट सखाने हां हां म्हणता पाडली असती. पाऊल कुठून आणणार?

दाराशी एका विटेएवढ्या जागेत त्याने तो गाळ ओतला. मैना अजून ती जागा ओलांडूनच आत येते, आणि सखाशी कामापुरतंच बोलते.