आलूसाठी कूलर

ऋतूंनी आपल्याला विचारून यावं-जावं, अशी अपेक्षा बाळगणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे आणि तो माझ्या सासरी आहे. माझ्या बायकोचे मोठे काका. अमरावतीला राजापेठेत राहतात. उभा जन्म वकिली केली आणि आता घरामागच्या परसात भाजीपाला लावतात. पण काळा कोट खुंटीला टांगला तरी वकिली काही अंगातून उतरली नाही. बियाण्याचे आलू घ्यायला गेले, की विकणाऱ्याची अशी उलटतपासणी घेतात, की तो बिचारा न विचारताच आपल्या आजोळचं नावही सांगून मोकळा होतो. वांग्याला कीड लागली, की वाफ्यासमोर खुर्ची टाकून बसतात आणि त्या झाडाला स्वच्छ शब्दांत सुनावतात. वर आम्हाला म्हणतात, झाडाला सांगितलेलं वाया जात नाही, अशिलाला सांगितलेलं जातं.

दर हिवाळ्याच्या शेवटी त्या परसात रोडग्यांचं जेवण असायचं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि आलू-वांग्याची झणझणीत भाजी. अट एकच, की आलू, वांगी, वर घालायचा सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं त्याच मातीतलं हवं. एकदा काकूंनी ऐनवेळी बाजारातून टमाटे आणले, तर काकांनी पंगतीत उभं राहून ते जाहीर केलं आणि सगळ्यांची रीतसर माफी मागितली. काकू त्यांच्याशी आठवडाभर बोलत नव्हत्या.

गेल्या वर्षी मात्र पेच पडला. घर जुनं झालेलं, मुलांनी जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि संक्रांतीनंतर लगेच ताबा द्यायचा होता. म्हणजे परसातलं शेवटचं जेवण संक्रांतीच्या आत व्हायला हवं, आणि आलू तर दरवर्षी दिवाळीनंतर, चांगली थंडी पडली की लागायचे. काकांनी कोजागरी होताच लावून टाकले. मी भीत भीत म्हटलं, अजून घाम फुटतोय, आलूला थंडी लागते ना?

"जावई, तुमी अकोल्याचे," काका म्हणाले. "तुमाले थंडीतलं काय समजते?"

तेही खरंच. आमच्याकडे स्वेटर ही लग्नात मिळालेली आणि घडी न मोडलेली वस्तू असते.

पण थंडी आलीच नाही. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं, तरी घरोघरी पंखे चालूच. मेथी बरी होती, वांगी तर लदबदली होती. आलूची पानंही हिरवीगार. पण काकांनी एक झाड उकरून पाहिलं, तर खाली नुसत्या मुळ्या. त्या दिवशी ते जेवले नाहीत. केस हरल्यावरसुद्धा हे असे गप्प बसले नव्हते, असं काकूंनी मला फोनवर सांगितलं, तेव्हा मीच घाबरलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन पोचलो, तर परसातून घरघर ऐकू येत होती. उन्हाळा संपल्यावर चादर गुंडाळून ठेवलेला घरातला लोखंडी कूलर काकांनी ओढत बाहेर आणला होता, वाळ्याच्या नव्या ताट्या लावून, टाकी भरून, वाफ्यांकडे तोंड करून सुरू केला होता. शेजारी स्वतः मफलर बांधून बसले होते. निसर्ग तारखेला हजर राहिला नाही, म्हणून काय काम थांबवायचं, असं त्यांचं म्हणणं.

काकू मागच्या दारातून म्हणाल्या, "उन्हाळ्यात मी कूलर लावा म्हणते, तवा यायले बिल दिसते. अन् आता आलूले हवा घालून राहिले!"

संक्रांतीच्या आधी आम्ही सगळे जमलो. गोवऱ्या पेटल्या. काकांनी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःच आलू उकरले. निघाले सुपारीएवढे. त्यातल्या त्यात गलेलठ्ठ होता तो लिंबाएवढा. काकांनी एक उचलला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "लहान हायेत. पण आपले हायेत." काकूंनी ते चिरले नाहीत, सालासकट अख्खेच भाजीत सोडले, आणि काकांनी पंगतीत फिरून प्रत्येकाच्या ताटात मोजके का होईना, पण स्वतःच्या हाताने वाढले.

आता त्या परसात सिमेंटचे खांब उभे आहेत. काका-काकू जवळच भाड्याच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहतात. यंदा दिवाळीच्या फराळाला गेलो, तर घरात नुसतं उकडत होतं. आणि कूलर होता गॅलरीत, घराकडे पाठ करून. त्याच्यासमोर मातीने भरलेली पोती आणि त्यांतून वर आलेली आलूची कोवळी पानं. काका मफलर बांधून शेजारी बसलेले. मी काकूंना हळूच म्हटलं, थोडा वेळ आत वळवू का?

"राहू द्या, जावई," काकू म्हणाल्या. "ते माती आपल्या परसातली हाये. ताबा द्याच्या आधी मीच भरून ठेवली होती."

आणि पदराने वारा घेत त्या गॅलरीकडे पाहत बसल्या.