लाल रंग गेलेली हजेरी

नोकरीतल्या पुष्कळ फाइली मी विसरले. भिवंडीतल्या एका गोदामाची हजेरी मात्र अजून डोळ्यांसमोर येते. नातवंडांनो, तुम्ही दूर आहात आणि दिवसभर संगणकावर काम करता, म्हणून ही हकिकत मुद्दाम लिहून ठेवते.

तेव्हा मी तपास अधिकारी होते. एका गोदामातून भरदिवसा कापडाचे तागे गेले. कुलूप तुटलेलं नव्हतं, म्हणजे ते किल्लीनेच उघडलं होतं. किल्ली दिवसपाळीच्या वॉचमनकडे असते. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, "दिवसपाळीचा तो कोन गावचा वॉचमन बघा. त्याच्या घरात लग्नकार्य आहे."

गोदामाच्या मुकादमाकडून हजेरीची एक्सेल फाइल मागवली. गुन्ह्याच्या नोंदीत ती जशीच्या तशी चढेना. तिथे साधी सीएसव्ही फाइल लागत होती. संगणकावरचा हवालदार म्हणाला, "मॅडम, बदलून टाकतो. मुकादमाने नुसती रांगोळी काढलीय इथं." मी पलीकडे स्टेशन डायरीवर सह्या करत होते. मध्येच त्याने हाक मारली, "इंग्रजीत कायतरी विचारतंय." मी उठून पाहिलं आणि म्हटलं, "होय दाब."

कागद छापून आला. चोरीच्या दिवशी त्या वॉचमनच्या नावापुढे 'हजर' होतं. दुपारी त्याला उचलला. न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली.

पन्नाशीचा, खाली मान घालून बसणारा माणूस. एकच वाक्य धरून बसला होता.

"मॅडम, त्या दिशी माजा खाडा हाय. आयेला घेऊन अकलोलीला गेल्तो, गरम पान्याच्या कुंडावर. तिचे गुडघं शेकाया."

"एसटीचं तिकीट?"

"तिकीट कोन ठेवतंय, मॅडम?"

"मग हे हजर कोणी लिहिलं?"

"मुकादमाचा लाल बगा. माजा लाल असंल."

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. "दाखव. बोट ठेवून दाखव, कुठंय लाल?"

त्याने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "ह्यो कागद आमचा न्हाय."

मी आवाज चढवला. हात उचलला नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता.

त्याची आई रोज कोनहून शेअर रिक्षाने यायची आणि ठाण्याच्या बाकावर बसून राहायची. मी जाता-येता दिसले की म्हणायची, "बाय, पोर माज्यासंगट व्हता. आयतवारी नातीचा साखरपुडा हाय. त्याच्या आत सोड त्याला." आई मुलाच्या बाजूनेच बोलणार, असं मी टिपणात लिहिलं. रविवारही गेला.

सोमवारी कोठडीची मुदत संपत होती. वाढवून मागायची, तर हजेरीला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडणं भाग होतं आणि त्यासाठी मूळ संगणक पाहायला हवा. म्हणून सकाळीच गोदामाच्या धामणकर नाक्यावरच्या ऑफिसात गेले. मुकादमाने फाइल उघडली. वॉचमनच्या नावापुढे 'हजर' होतं, पण तो चौकोन लालभडक होता.

"हे लाल काय आहे?"

"लाल मतलब खाडा, मॅडम. एक तारखेला मी सगळ्यांना हजर टाकून मोकळा होतो. मग जो नाय आला, त्याला लाल मारायचा. रोज कोण टाइप करत बसणार?"

"मग त्या दिवशी किल्ली कोणाकडे होती?"

"बदलीवाल्या वॉचमनकडे. ते खालच्या दुसऱ्या शीटवर आहे ना." त्याने दाबून दाखवलं. नाव होतं, पाळी होती, किल्ली घेतल्याची वेळही होती. "पूर्ण फाइल दिली होती मी तुमच्या माणसाला. मला कोणी विचारलंच नाय."

आमच्या साध्या फाइलीत रंग टिकत नाही आणि दुसरी शीटही येत नाही. तिच्यात पहिल्या शीटवरची अक्षरं तेवढी उरतात. आमच्याकडे 'हजर' हा शब्द उरला होता.

संध्याकाळपर्यंत बदलीवाल्याच्या मेव्हण्याच्या खोलीतून तागे निघाले. निनावी फोनही त्या बदलीवाल्यानेच केला होता. गुन्हा उघडकीस आला म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

वॉचमन त्याच दिवशी सुटला. त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात गेल्यावर मी त्याची प्रत घेऊन स्वतः कोनला गेले. साखरपुडा मोडला होता. मुलाकडच्यांनी रविवारी सकाळीच निरोप धाडला होता. नात आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. वॉचमन कामावर नव्हता, कारण गोदामाने त्याला परत घेतलं नव्हतं. तो ओट्यावर बसून होता, माझ्याकडे न बघता. म्हातारीने प्रत हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली.

"कागुद बगून नेलास, बाय. आता कागुदच घेऊन आलीस?"

मी प्रत घडी करून पिशवीत ठेवली आणि निघाले.

चौकशी झाली तेव्हा 'तांत्रिक त्रुटी' असं लिहून प्रकरण मिटलं. हवालदाराला समज दिली गेली. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही, म्हणून ते इथे लिहिते. 'होय' दाबायच्या आधी त्या चौकटीत स्पष्ट लिहिलं होतं की असं साठवलं तर यातला काही भाग नाहीसा होईल, चालेल का? हवालदाराला ते वाचता आलं नाही, म्हणून त्याने मला बोलावलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मला ते वाचता आलं होतं.